जालियनवाला बागेतल्या बोळाच्या भिंती परत कोऱ्या करा

अमृतसरला गेलेला मराठी माणूस जालियनवाला बागेत जातोच. टूरवाल्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो, सकाळी दरबार साहिब म्हणजे सुवर्णमंदिर, तिथून चालत बाग, आणि जेवण झालं की गाड्या वाघा बॉर्डरकडे. नांदेडहून सचखंड एक्स्प्रेस थेट अमृतसरला जाते त्यामुळे मराठवाड्यातली कितीतरी घरं अशी आहेत जिथे आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी ती बाग बघितलेली आहे. म्हणून हा काही फक्त पंजाबने बोलायचा विषय नाही, आपणही बोललं पाहिजे.

माझं म्हणणं एकाच गोष्टीबद्दल आहे. बागेत शिरायचा जो अरुंद बोळ आहे त्याच्या दोन्ही भिंतींवर २०२१ च्या रिनोव्हेशनमध्ये शिल्पं बसवली. ती काढली पाहिजेत. उद्घाटन कुणी केलं, सरकार कुणाचं होतं, याच्याशी माझ्या म्हणण्याचा काही संबंध नाही, सरकार बदललं तरी मी हेच म्हणेन.

बोळाचं एवढं काय, असं वाटणं साहजिक आहे, कारण शाळेच्या पुस्तकात या हत्याकांडावर दोन परिच्छेद असतात आणि त्यात "बाहेर पडायला एकच अरुंद वाट होती" एवढंच येतं. तर नीट सांगते. जालियनवाला बाग ही १९१९ साली बाग अशी नव्हतीच. चहूबाजूंनी घरांच्या पाठी आणि भिंती, मध्ये सहा-सात एकर ओबडधोबड रिकामी जागा, एक विहीर, थोडी झाडं. बाहेर निघायला चार-पाच चिंचोळ्या वाटा. त्यातली मुख्य वाट म्हणजे हा बोळ, रुंदी सात-साडेसात फूट.

त्या आठवड्यात शहर तापलेलं होतं. विनाचौकशी तुरुंगात टाकायची मुभा देणाऱ्या रौलट कायद्याविरुद्ध आंदोलन चालू होतं, १० एप्रिलला त्याचे शहरातले पुढारी डॉ. सैफुद्दीन किचलू आणि डॉ. सत्यपाल यांना पकडून धरमशालेला पाठवलं, त्यांना सोडा म्हणायला निघालेल्या लोकांवर गोळीबार झाला, मग जमावाने पाच युरोपियन मारले, बँका जाळल्या, मार्सेला शेरवूड नावाच्या मिशनरी बाईंना मारहाण करून रस्त्यात टाकलं (त्यांना उचलून वाचवलं तेही तिथल्या भारतीयांनीच). हे सगळं सांगायचं, लपवायचं काही कारण नाही. पण १३ तारखेला बागेत आलेले लोक मारामारी करायला आलेले नव्हते. बैसाखीचा दिवस, गुरांचा बाजार भरलेला, आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं शहरात आलेली, सभाबंदीची दवंडी सकाळी पिटली होती पण ती सगळ्यांच्या कानावर गेली कुठे होती.

संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला ब्रिगेडियर जनरल रेजिनाल्ड डायर आला. ५० रायफलवाले, खुकऱ्या घेतलेले ४० गुरखे, आणि बरोबर मशीनगन बसवलेल्या दोन चिलखती गाड्या. गाड्या बोळात शिरेनात. त्या बाहेरच उभ्या राहिल्या, सैनिक पायी आत गेले, कसलीही ताकीद न देता गोळीबार सुरू झाला आणि तो दहा मिनिटं चालला. १६५० गोळ्या. जिथे गर्दी दाट तिकडे नेम धरून.

पुढे नोव्हेंबर १९१९ मध्ये लाहोरला हंटर कमिटीसमोर, म्हणजे सरकारने नेमलेल्या चौकशी समितीसमोर, डायरची साक्ष झाली. कमिटीवर सर चिमणलाल सेटलवाड होते, मुंबईचे नावाजलेले वकील, तेव्हा मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांनी डायरला सरळ विचारलं, वाट गाड्या आत जाण्याइतकी रुंद असती तर मशीनगन चालवल्या असत्या का? डायर म्हणाला, बहुतेक हो. जखमींसाठी काय केलं या प्रश्नावर त्याचं उत्तर होतं की ते माझं काम नव्हतं, हॉस्पिटलं उघडी होती, त्यांनी तिथे जायचं. आणि रात्री आठनंतर जो कोणी घराबाहेर दिसेल त्याला गोळी घातली जाईल हा हुकूम याच माणसाचा.

म्हणजे त्या बोळाची रुंदी ही साक्षीपुराव्यात नोंदलेली गोष्ट आहे. तो दोन-चार हात जास्त रुंद असता तर मेलेल्यांचा आकडा कुठच्या कुठे गेला असता, हे खुद्द मारणाऱ्याच्या तोंडून आलेलं आहे. आणि तोच बोळ अरुंद होता, त्याच बाजूला रायफली लावून सैनिक उभे होते, म्हणून आतली हजारो माणसं कोंडली गेली. अख्ख्या बागेत या बोळाइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही.

आता त्या बोळात काय आहे? दोन्ही भिंतींवर उठावातली माणसं, पुरुष, बायका, लेकरं, बैसाखीला निघाल्यासारखी, काहींच्या चेहऱ्यावर हसू. खाली नवी फरशी. कल्पना काय होती ते समजतं, की त्या दिवशी आत गेलेले लोक आपल्यासारखेच साधे होते आणि आपण त्यांच्या सोबतीने आत जातोय असं वाटावं. हेतू वाईट नव्हता हे मी मानते. पण प्रत्यक्षात काय होतं ते मी तिथे उभं राहून बघितलं. आमच्या पुढे एक कुटुंब होतं, त्यातल्या मुलीने एका शिल्पातल्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि वडिलांनी फोटो काढला, मग आईचा काढला, मग मागच्यांनी जरा सरका म्हणून सांगितलं आणि त्यांनीही तिथेच काढला. त्या लोकांचा काही दोष नाही, जागाच तुम्हाला सांगतेय की इथे फोटो काढा. मी दोन्ही हात पसरून भिंत किती लांब आहे ते बघायचा प्रयत्न केला, तर एका बाजूला हाताला भिंत लागतच नव्हती, कुणाचा तरी कोपर लागत होता. बोळ किती अरुंद आहे हे कळायलाच आता मार्ग नाही, कारण तुम्ही भिंतीकडे बघतच नाही, चेहऱ्यांकडे बघता.

यावर सगळ्यात जास्त ऐकायला येणारं उत्तर असं की सामान्य माणसाला कोऱ्या भिंतीतून काय कळणार, त्याला दाखवावं लागतं, चित्र लागतं, आवाज लागतो. मला हे पटत नाही, आणि यात सामान्य माणसाला कमी लेखलं जातं असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडचे किती लोक अंदमानला जाऊन येतात. सेल्युलर जेलच्या अंगणात संध्याकाळी लाइट अँड साउंड शो असतो, तो लोक आवडीने बघतात, माझी काहीच तक्रार नाही. पण सावरकरांची कोठडी जवळजवळ रिकामीच ठेवलेली आहे. तिथे कुणी बेड्या घातलेला पुतळा बसवला नाही, भिंतीवर कोलू ओढणाऱ्या कैद्यांची रांग कोरली नाही. लोक आत जातात, चार भिंती आणि वरचा झरोका बघतात, आणि ज्याला इतिहासातलं फारसं काही माहीत नाही त्यालाही तिथे दोन मिनिटांत कळतं की इथे वर्षानुवर्षं राहणं म्हणजे काय. सावरकरांचे विचार पटोत न पटोत, कोठडी प्रत्येकाला कळते. शो अंगणात आणि कोठडीला हात नाही, ही समज तिथे दाखवता आली तर अमृतसरला का नाही?

बाहेरची उदाहरणंही आहेत. फ्रान्समध्ये ओरादूर-सुर-ग्लान नावाचं गाव आहे, १० जून १९४४ ला नाझी सैन्याने तिथल्या सहाशेच्या वर माणसांना मारलं आणि गाव जाळलं. युद्धानंतर फ्रान्सने नवं गाव शेजारी बांधलं आणि जुनं जळकं गाव तसंच ठेवलं, गंजलेल्या मोटारींसकट. हिरोशिमाच्या त्या घुमटाचंही तसंच, पडू नये म्हणून आधार दिले, पण डागडुजी करून तो छान दिसेल असं काही केलं नाही. या देशांना कलाकार मिळत नव्हते असं थोडंच आहे.

दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे आणि त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. तो असा की बाग मूळ स्वरूपात होतीच कधी? १९१९ च्या डिसेंबरात अमृतसरलाच काँग्रेसचं अधिवेशन झालं, स्मारकाचं ठरलं, लोकवर्गणी गोळा झाली, आणि १९२० मध्ये साडेपाच लाखांच्या वर रुपये देऊन जागा मालकांकडून विकत घेतली. त्यासाठी झटलेले षष्टीचरण मुखर्जी नावाचे डॉक्टर स्वतः त्या दिवशी बागेत होते, वाचले, आणि पुढे त्यांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ती जागा सांभाळली. मग १९५१ चा कायदा झाला, राष्ट्रीय स्मारक म्हणून ट्रस्ट आला. बेंजामिन पोक या अमेरिकन वास्तुविशारदाने लाल दगडाचा ज्योतीच्या आकाराचा स्तंभ डिझाइन केला आणि १३ एप्रिल १९६१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी त्याचं उद्घाटन केलं. हिरवळ आली, फुलझाडं आली, झुडपं कापून त्यांना बंदुका रोखलेल्या सैनिकांचे आकार दिले गेले. म्हणजे बदल होतच आले आहेत. मग २०२१ वरच एवढी ओरड का?

याचं उत्तर म्हणजे सगळे बदल सारखे नसतात. मोकळ्या जागेत स्तंभ उभारला तर जागेत भर पडते, तो आवडो न आवडो, आजूबाजूचं जे होतं ते दिसत राहतं. झुडपांचे सैनिक मलाही कधी आवडले नाहीत, पण झुडूप आहे, उद्या काढता येतं, आणि त्याने गोळ्यांच्या खुणा झाकल्या जात नव्हत्या. बोळाचं तसं नाही. तिथे जी वस्तू स्वतः पुरावा आहे तिच्यावरच दुसरं काहीतरी चढवलंय. विहिरीचंही थोडंफार तेच झालं, तिच्याभोवती पारदर्शक आवरण आलं. विहिरीत लोक जीव वाचवायला उड्या मारत होते, तिथे वाकून खाली बघितलं की पोटात गोळा यायचा. सुरक्षेचा प्रश्न असतो, कबूल, पण सुरक्षेसाठी कठडा पुरतो.

आणि पुरावा सांभाळा असं मी का म्हणते तेही सांगते. या हत्याकांडाच्या आकड्यांवर शंभर वर्षं भांडण चालू आहे. सरकारी आकडा ३७९ मृत, काँग्रेसच्या चौकशीचा अंदाज हजाराच्या घरात, बागेतल्या जुन्या पाट्यांवर त्याहून मोठे आकडे. विहिरीतून १२० प्रेतं काढली असं पाटीवर लिहिलेलं, त्यावरही इतिहासकारांचे वाद. १९९७ साली ब्रिटनच्या राणी एलिझाबेथ बागेत आल्या तेव्हा त्यांचे पती प्रिन्स फिलिप दोन हजारांचा आकडा असलेली पाटी वाचून म्हणाले की हे वाढवून सांगितलेलं आहे, मला डायरच्या मुलाने सांगितलं होतं, आम्ही नौदलात बरोबर होतो. इतक्या वर्षांनी, त्या जागेवर उभं राहून, माणूस हे बोलू शकतो. कारण पाटीवरच्या शब्दाशी वाद घालता येतो. शिल्पाशीपण घालता येतो, शिल्प म्हणजे कुणीतरी नंतर केलेली कल्पनाच. सात फुटांच्या बोळाशी वाद घालता येत नाही, आणि विटांमधल्या भोकांशीही नाही.

शब्दांचं म्हणाल तर या प्रकरणात शब्दांचीही कमी नाही आणि त्यात आपल्या माणसाचा मोठा हात आहे, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं. सरकारी हंटर कमिटीला समांतर अशी काँग्रेसने स्वतःची चौकशी केली, तिच्यात गांधीजी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी यांच्याबरोबर मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. पुणे विद्यापीठात ज्या जयकर ग्रंथालयात बसून हजारो मुलांनी अभ्यास केला ते याच जयकरांच्या नावाचं, विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. या समितीने पंजाबात फिरून १७०० च्या वर लोकांचे जबाब घेतले आणि त्यातले साडेसहाशेच्या आसपास १९२० मध्ये छापले.

त्यातला रतन देवींचा जबाब वाचा. त्या बागेच्या जवळच राहायच्या. गोळ्यांचा आवाज ऐकून धावत गेल्या, प्रेतांच्या ढिगात नवरा सापडला. प्रेत घरी न्यायला खाट हवी होती, ओळखीची दोन मुलं भेटली त्यांना खाट आणायला पाठवलं, पण आठ वाजून गेले होते, बाहेर पडायची कुणाची छाती होईना, खाट आलीच नाही. त्या स्वतः मदत मागायला निघाल्या, दारोदारी विचारलं, कुणी तयार होईना, परत आल्या. कुत्री येत होती म्हणून बांबूची काठी हातात घेऊन रात्रभर नवऱ्याच्या प्रेताशेजारी बसून राहिल्या. आसपास जखमी तडफडत होते, एक म्हैस तडफडत होती. बारा-एक वर्षांचा एक मुलगा त्यांना म्हणाला, मला सोडून जाऊ नका. त्याला थंडी वाजतेय का, काही पांघरायला देऊ का म्हणून विचारलं तर त्याने पाणी मागितलं, आणि पाणी तिथे नव्हतं. घड्याळाचे ठोके ऐकू यायचे. रात्री दोनच्या सुमाराला भिंतीत अडकलेल्या एका जाटाने पाय उचलून द्या म्हणून विनवलं, त्या उठल्या आणि रक्ताने भिजलेले त्याचे कपडे धरून पाय वर उचलला. पहाटे साडेपाचपर्यंत कुणी आलं नाही.

आता मला सांगा, हे वाचलेला माणूस जेव्हा त्या बोळातून आत जातो तेव्हा त्याला भिंतीवर हसऱ्या बायकांची शिल्पं हवी आहेत का? त्याला तो बोळच हवा असतो, ज्याच्यातून खाट आत आली नाही. आणि ज्याने वाचलेलं नाही त्याला वाचायला द्या ना. वीस कोटींच्या आसपास खर्च झाला म्हणतात, त्यात हे जबाब सगळ्या भारतीय भाषांत छापून तिथे दहा-वीस रुपयांना ठेवता आले असते, मराठीतसुद्धा. नव्या गॅलऱ्या झाल्यात त्या मला चांगल्या वाटल्या, रॅम्प वगैरे सोयी झाल्या तेही बरंच झालं, वयस्क लोकांना आता त्रास होत नाही. मी सगळंच मोडून टाका म्हणत नाहीये.

राजकारणाबद्दल थोडंच बोलते कारण त्यात काही हाती लागत नाही. २०१९ ला कायद्यात दुरुस्ती करून काँग्रेस अध्यक्षांचं ट्रस्टवरचं कायमचं पद काढलं, त्यावर संसदेत भरपूर चर्चा झाली. २०२१ ला राहुल गांधींनी रिनोव्हेशनला हुतात्म्यांचा अपमान म्हटलं आणि त्यांच्याच पक्षाचे तेव्हाचे मुख्यमंत्री अमरिंदर सिंग म्हणाले की मला तर छान वाटलं. म्हणजे पक्षांकडे बघून काही ठरवता येत नाही. ट्रस्टवर कोण बसणार यावर जेवढी भांडणं झाली त्याच्या पावपटही भांडण बोळाला हात लावायचा की नाही यावर आधी झालं नाही, आणि खरं दुखणं हे आहे. आराखडा लोकांपुढे ठेवून हरकती-सूचना मागवून मग काम, हे शहराचा साधा डीपी प्लॅन, म्हणजे विकास आराखडा, करतानाही करावं लागतं, राष्ट्रीय स्मारकाला ते नको का?

आपल्याकडेही हे येणारच आहे, म्हणून सांगते. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. आनंदच आहे. पण आता निधी येईल, पर्यटन वाढेल, आणि त्याच्या मागोमाग एलईडी, फायबरचे मावळे, सेल्फी पॉइंट यांची टेंडरं निघतील. गडाची एखादी पायवाट मुद्दाम अवघड ठेवलेली असते, दरवाजा मुद्दाम वळणात लपवलेला असतो, ती अडचण हाच इतिहास असतो, शत्रूचा हत्ती तिथे धडक मारायला वेग घेऊ शकत नाही म्हणून ते वळण आहे. ते वळण रुंद करून पेव्हर ब्लॉक टाकले की महाद्वाराची कमान उरेल पण युक्ती कळणार नाही.

अमृतसरपुरतं मागणं अगदी साधं आहे. शिल्पं फोडायची नाहीत, कलाकारांची मेहनत आहे, ती काढून गॅलरीत किंवा बाहेरच्या चौकात बसवा. बोळाच्या भिंती विटांच्या कोऱ्या करा, फरशी साधी करा. बोळाच्या तोंडाशी, आत नाही, बाहेर, एक पाटी लावा आणि तिच्यावर सेटलवाडांचा प्रश्न आणि डायरचं उत्तर, बाकी काही नाही, गुरुमुखी, हिंदी, उर्दू आणि इंग्रजीत. ट्रस्टचे अध्यक्ष पंतप्रधान असतात, स्मारक संसदेच्या कायद्याने चालतं, त्यामुळे हा प्रश्न लोकसभेत विचारायला पंजाबचाच खासदार लागत नाही, महाराष्ट्राचे ४८ आहेत. तुमच्या खासदाराला एक मेल टाका, मी माझ्या खासदारांना टाकला आहे.